मिटवामिटवी

धाडकन आवाज झाला, गाडी गदगदून हलली आणि मागच्या सीटवरचा तीन मजली केक खोक्यासकट आडवा झाला.

केकवाली रस्त्याच्या कडेला थांबून मोबाईलवर गिऱ्हाइकाचा पत्ता शोधत होती. ती खाली उतरली. मागचं दार पार आत गेलं होतं आणि त्याला एका करड्या गाडीची पाठ चिकटली होती. पलीकडच्या औषधांच्या दुकानासमोरून मागे घेतलेली ती गाडी थांबायचं नाव न घेता अख्खा रस्ता ओलांडून हिच्यावर येऊन आदळली होती.

तिने पहिला फोन दादाला लावला. थोरला भाऊ गाड्यांच्या विम्याच्या कामात मुरलेला.

"लागलं नाही ना कुठे? मग आता नीट ऐक," दादा म्हणाला. "गाडी हलवायच्या आधी फोटो काढ. दोन्ही गाड्या, नंबर, आजूबाजूचा रस्ता, सगळं. त्याचं लायसन बघ, विम्याचे कागद बघ. पोलिसांना कळव. आणि महत्त्वाचं म्हणजे, 'जाऊ दे' म्हणायचं नाही. तुला फार खोड आहे ती."

"नाही म्हणत," ती म्हणाली आणि फोटो काढायला लागली.

मागून हॉर्न वाजत होते. कुणीतरी काच खाली करून "बाई, गाडी बाजूला घ्या की!" म्हणून ओरडून गेला. गिऱ्हाइकाचा फोन आला, तिने कापला. लगेच परत आला. पाहुणे जमले असणार. दाराच्या फटीतून तिला खोक्याचा चेपलेला कोपरा दिसला आणि तिने तिकडे बघायचंच टाळलं.

करड्या गाडीतून एक म्हातारा उतरला. उंच, सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "तुम्हाला लागलं का कुठे?"

"मला नाही लागलं. पण काका, एवढा मोकळा रस्ता! मागे बघायचं तरी!"

तिने लायसन मागितलं तसं त्याने निमूटपणे काढून दिलं. सबब नाही, वाद नाही. तिला भांडायचं होतं आणि समोर भांडायला कुणी नव्हतंच. त्याने ती आणखीच चिडली. तिने पोलिसांना फोन लावला, पत्ता सांगितला. येतो म्हणाले.

तेवढ्यात म्हाताऱ्याचा मुलगा धापा टाकत आला. कोपऱ्यावरच्याच ऑफिसात होता, गळ्यात ओळखपत्र तसंच लोंबत होतं. त्याने आधी वडिलांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग दाराकडे पाहिलं, आणि तिला चार पावलं बाजूला नेलं.

"ताई, आपण आपसात मिटवू," तो हळू आवाजात म्हणाला. "दार मी नवं बसवून देतो. केकचं काय असेल तेही माझ्याकडे लागलं. फक्त तक्रार नको. या वयात त्यांचं लायसन गेलं तर परत मिळायचं नाही. आई गेल्यापासून बाबा या गाडीच्या जोरावर उभे आहेत हो. बाजारहाट, बँक, माझ्या मुलीला शाळेतून आणणं, सगळं तेच करतात. गाडी सुटली तर ते अंथरूण धरतील."

केकवालीने म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत उभा होता. तिचा राग ओसरला. एका दारापायी कुणाचं म्हातारपण कशाला नासवायचं? गिऱ्हाइकाचा फोन पुन्हा वाजू लागला.

"बरं, जाऊ दे," ती म्हणाली. "पोलिसांना सांगते, येऊ नका म्हणून."

मुलाचा चेहरा उजळला. त्याने तिचे तीनतीनदा आभार मानले. मग गाडीची किल्ली वडिलांच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली.

"चला बाबा, झालं. छकुलीची शाळा सुटेल आता. निघा तुम्ही."

म्हातारा जागचा हलला नाही.

"पोरी," तो केकवालीला म्हणाला, "तुझी गाडी मला दिसली होती. आरशात स्वच्छ दिसत होती. ब्रेक दाबायचा हेही कळत होतं. पण पायाखालच्या दोन पेडलांतला ब्रेक कुठला, तेच आठवेना."

"बाबा, काहीतरी काय बोलताय!" मुलगा हसायला गेला. "घाबरलेत ते, ताई."

"गेल्या महिन्यातही असंच झालं होतं. मी घरी येऊन सांगितलं. तू म्हणालास, बाबा, होतं असं, मनाला लावून घेऊ नका. सूनबाई म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात तर छकुलीला आणणार कोण?" त्याने किल्लीची मूठ मुलापुढे धरली. "किल्ली कुणी घेतच नाही रे माझ्याकडून. आणि माझ्याच्याने ठेवून देववत नाही. रोज सकाळी वाटतं, आज जमेल."

मुलाने आत गेलेल्या दाराकडे पाहिलं. मग हात पुढे केला. म्हाताऱ्याची मूठ उघडायला जरा वेळ लागला.

केकवालीने मोबाईल पर्समध्ये टाकला. पोलिसांना तिने परत फोन केलाच नाही. मुलगा बाजूला जाऊन शाळेशी बोलत होता, आज मुलीला न्यायला मी येतोय म्हणून सांगत होता, तोवर मोटरसायकलवरून पोलीस आला. त्याने दोन्ही गाड्यांना एक चक्कर मारली आणि पेन काढलं.

"तक्रार कुणाची आहे?"

"माझी," केकवाली म्हणाली.

म्हातारा पुढे आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"आम्हा दोघांची," तो म्हणाला.