दोनशे बारा पानांचे फोटो

रविवारी सकाळी ‘पानगप्पा’ या वाचकांच्या ग्रुपवर नागेश खरमाटेंचा मेसेज आला, “शेवट मला अजिबात पटला नाही. वेणूने घर सोडायलाच नको होतं.”

कुमुदिनीताईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि तो मेसेज दोनदा वाचला. तीन वर्षांपूर्वी स्क्रीनवरची पुस्तकं वाचणाऱ्याच्या आवडीप्रमाणे आपोआप बदलू लागल्यापासून ग्रुपवर कुणाला काही खटकलंच नव्हतं. एकच कादंबरी वाचून कुणी लग्नाबद्दल लिहायचं, कुणी खुनाबद्दल, आणि सगळे एकमेकांना हात जोडून मोकळे व्हायचे. शेवटी वैतागून ताईंनी गेल्या महिन्यात कपाटातली, वेणूची गोष्ट सांगणारी एक जुनी छापील कादंबरी काढली आणि तिच्या दोनशे बारा पानांचे फोटो ग्रुपवर टाकले. फोटोतला मजकूर काही बदलत नव्हता.

“खरमाटे, पुस्तक वाचलंत की नुसतं चाळलंत?” मिरजेच्या फरीदा मुजावरांनी विचारलं. दुपारपर्यंत एकशे चाळीस मेसेज झाले आणि दोघं रुसून ग्रुप सोडून गेले.

“ताई, ग्रुप तुमचा आहे, मिटवा की हे,” कुणीतरी विनवलं.

ताईंनी लिहिलं, “नाही मिटवणार. वेणू सगळ्यांच्या पुस्तकात एकाच पानावर घर सोडून गेली, असं तीन वर्षांत पहिल्यांदाच झालंय. खुशाल भांडा.”