‘नको’चं बटण

"‘वर्गणी भरा’चं बटण मोठं ठेव. ‘नको’चं इतकं फिकट कर, की दिसताच कामा नये," साहेब म्हणाले. वेबसाइट एका जिमची होती आणि मृणालिनी या नोकरीत नवीन होती.

त्याआधी नऊ वर्षं ती दारोदार पाण्याचे फिल्टर विकायची. मिरजेत एका आजींनी गरज नसताना घेतला. म्हणाल्या, "एवढा घसा कोरडा केलास बाळ, आता नको कसं म्हणू?" त्याच आठवड्यात मृणालिनीनं कोडिंगचा क्लास लावला.

तिनं दोन्ही बटणं सारखीच केली. साहेब भडकले, "मग जिमच्या मालकाला तूच पटव!"

तिनं फोन लावला. "फसून भरलेली वर्गणी लोक पुढच्या महिन्यात बंद करतात," ती सांगू लागली आणि शब्द सराईतपणे येत गेले. अखेर मालक हसला. "बरं, राहू द्या तसंच."

मनापासून पटलेलं काही तिनं आज पहिल्यांदाच विकलं होतं.