खिडकीजवळच्या पलंगाचं जेवण

वाटीत घोटलेला भात. भिंतीवर पाटी: ‘प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा’. कचकन आवाज. वृद्धाश्रमाच्या आहारतज्ज्ञ बाई धावल्या. “आजोबा, थुंका आधी! दात नसताना सफरचंद? घशात अडकलं म्हणजे?” आजोबांनी आ वासला. एकूण एक दात जागच्या जागी. “मग इतके महिने हा लगदा का खाल्लात? बोलायचं तरी!” “वाटलं, इथं सगळ्यांना हेच. पुढ्यातल्या अन्नाला नावं कशी ठेवायची?” सफरचंद देणारे शेजारचे म्हातारबुवा खिदळले, “बाई, तुमची पाटी वाचूनच पोट भरतं याचं!” बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज त्या “जेवलात ना?” विचारून उत्तराआधीच पुढच्या पलंगाकडे वळायच्या. आजोबांनी उरलेलं सफरचंद निमूटपणे बाईंच्या हातात ठेवलं. बाईंनी ते परत त्यांना दिलं आणि पलंगाला अडकवलेला आहाराचा तक्ता पाहिला. मऊ जेवण याच पलंगावरच्या आधीच्या आजोबांचं होतं. ते थंडीतच वारले होते.