ओला पंख

अनघाने बोट टेकवून पाहिलं. नवऱ्याने बनवलेल्या विमानाच्या मॉडेलवरचा चंदेरी रंग अजून चिकटच! पुसताना पंखावर ओरखडा पडला, म्हणून तिने सकाळी गुपचूप रंग दिला होता. पण खंडेनवमीच्या पूजेत चकाकावं म्हणून आपणच त्याला खोबरेल चोळलं होतं, हे तिला आत्ता आठवलं. तेलावर कसला वाळतोय रंग! मागे विमान नुसतं जागचं हललं, तर नवऱ्याने ताट भिरकावलं होतं.

तेवढ्यात पंखावर ठसा दिसला. एवढा रुंद अंगठा तिचा नव्हता.

मागे सासरे उभे होते. “माझा हात लागला गं. नंदूला सांगू नकोस हं.” लेकाचं नाव घेताना त्यांनी आवाज खाली आणला. त्यांचा अंगठा चंदेरी झाला होता.

बेल वाजली. तिने तो अंगठा पदरात घट्ट झाकला.