पान्हा

यमूआत्यानं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत पुन्हा हाक मारली, “चल गं बिजले, सोड दूध!” गळ्यातल्या यंत्रातून निघालेला आवाज अगदी गोड, स्वच्छ होता, बिजली मात्र बिचकून लांब सरकली. आज तिसऱ्या दिवशीही तिनं पान्हा चोरला.

भाचा निनाद गोठ्याच्या दारात खाली मान घालून उभा होता. आत्यासारख्या वाचा गेलेल्या माणसांचा आवाज घडवणाऱ्या यंत्रांवर त्यानंच परवा नवी सिस्टिम चढवली होती. सगळ्या चाचण्या पास झाल्या, म्हणून जुन्या सिस्टिमची प्रत हौसेनं पुसूनही टाकली. आत्याचा मूळचा, बिजलीच्या ओळखीचा घोगरा आवाज फक्त त्या प्रतीत होता.

“तुझ्या यंत्रात खोट नाही रे,” आत्या म्हणाली. “बिजलीच म्हातारी झालीय. येत्या बाजाराला विकते तिला.”

“बरं,” निनाद म्हणाला आणि तिच्या हातातली कोरडी चरवी त्यानं घेतली.