अजून पाचच वर्षं

परदेशात, ओकव्हिलला येऊन बारा वर्षं झाली तरी बीआट्रिसबाईंनी वेंगुर्ल्याला नवऱ्याच्या कबरीशेजारची जागा स्वतःसाठी राखून ठेवली होती. इकडे आणताना मुलगा, ॲलरॉय, म्हणाला होता, "पाच वर्षांत परत जाऊ, मम्मी."

एका संध्याकाळी शेजारचा डच म्हातारा विलेम आपल्या पूर्वजाची जुनी पत्रं दाखवायला आला. हा पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी डच कंपनीचा कारकून म्हणून पाच वर्षांसाठी वेंगुर्ल्याच्या वखारीत गेला होता. कारकुनाचा व्यापारी झाला, व्यापाऱ्याचा वखारीचा मुख्य झाला, आणि दर बढतीला त्याने आईला लिहिलं, "एवढी पाच वर्षं झाली की येतोच."

"मग आला कधी?" बाईंनी विचारलं.

"आलाच नाही. तिकडेच पुरलं त्याला."

तेवढ्यात ॲलरॉय ऑफिसातून आला. "मम्मी, डायरेक्टर झालो! आता अजून पाचच वर्षं, मग वेंगुर्ला!"

बाईंनी त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि त्या विलेमकडे वळल्या.



"इथल्या सिमेटरीत जागा आधी बुक करता येते का रे?"