झाडीतला वॉकर

नदीकाठच्या पायवाटेवर आम्हा मायलेकांचा एक खेळ असतो. कुणी टाकून दिलेली वस्तू दिसली, की ती का टाकली असेल ते ओळखायचं. पाण्यात अडकलेलं हेल्मेट पाहून लेक म्हणाला, "याचं डोकं वाढलं असणार!"

पुढे झाडीत लहान मुलाच्या मापाचा, चार पायांचा वॉकर आडवा पडला होता, माझा लेक धरून चालतो अगदी तसाच. तो हरखून ओरडला, "आई, हा मुलगा आपला आपला चालायला लागला गं! मीपण माझा इथेच टाकणार हं."

"टाकू हं, राजा. तू हो पुढे."

तो खडखडत वळणाआड गेला, तशी मी वाकून पाहिलं.

 

वॉकरच्या चारही पायांची रबरं कोरी करकरीत होती, एक पाऊलही न चाललेली.